लॅपटॉप की डेस्कटॉप? आधी मशीन राहणार कुठं ते सांगा

"सर, लेकीचं ॲडमिशन झालं बघा. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला लागला नंबर. आता लॅपटॉप पाहिजे म्हणायलीय. कोणता घेऊ?"

प्रवेशाच्या कॅप राउंडच्या याद्या लागल्या की मला असे फोन सुरू होतात. लातूरकडच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. हा फोन औशाकडच्या एका शेतकऱ्याचा होता. भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेलं सोयाबीन त्यांनी नुकतंच आडतीवर घातलं होतं. पैसे खिशात होते आणि दुकानदार 'आजच घ्या' म्हणत होता. मी त्यांना मॉडेल सांगितलं नाही. उलट विचारलं, "काका, पोरगी राहणार कुठं? रूम करून, का अपडाऊन?"

त्यांना तो प्रश्न विषयाला सोडून वाटला. पण माझ्या मते निम्मा निर्णय तिथंच होतो. तो कसा, हे सविस्तर सांगतो, कारण चार वर्षं वापरायची वस्तू दुकानाच्या काउंटरवर दहा मिनिटांत ठरवली की पैसे वाया जातात, आणि आपल्याकडं ते पैसे फार कष्टाचे असतात.

सध्या दोन गोष्टींनी हा प्रश्न अवघड केला आहे. पहिली गोष्ट अशी की २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या कामापुरत्या मेमरीचे, भाव झपाट्यानं चढले. मेमरीच्या चिप बनवणाऱ्या जगात मोठ्या कंपन्या तीनच आहेत: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते आणि ती चढ्या भावानं घेतली जाते, म्हणून या कंपन्यांनी आपलं बरंच उत्पादन तिकडं वळवलं. डेअरीनं गावातलं दूध जास्त भावानं उचललं की घरोघरच्या रतीबाचं दूध महागतं, तसंच हे. दुसरी गोष्ट, १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, बंद केला. त्यामुळं जुन्या मशीनच्या व्यवहारात डोळे उघडे ठेवणं भाग झालं. त्याबद्दल पुढं सांगतो.

पेटीत काय असतं

चार शब्द समजून घेतले की दुकानदाराशी बोलता येतं.

आपल्या घरचा स्वयंपाक डोळ्यांपुढं आणा. भाकरी थापणारे हात म्हणजे प्रोसेसर. हात जितके चपळ, तितक्या लवकर भाकऱ्या होतात. समोरचा ओटा म्हणजे रॅम. परात, पीठ, पाण्याचं भांडं, तवा एकाच वेळी मांडायला जागा पाहिजे. ओटा लहान असेल तर हात कितीही चपळ असोत, दर वेळी एक वस्तू उचलून दुसरी ठेवावी लागते. कणगी म्हणजे स्टोरेज, जिथं सगळं साठवलेलं राहतं. हे साठवण दोन प्रकारचं असतं. जुन्या हार्डडिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते, एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, म्हणून ती कितीतरी वेगवान असते. आज कॉलेजसाठी मशीन घेताना एसएसडी नसेल तर तो सौदा तिथंच सोडून द्या. चौथं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्रांचं आणि थ्रीडीचं काम करायला ठेवलेला वेगळा माणूस. तो सगळ्यांना लागत नाही.

लॅपटॉप आणि डेस्कटॉप, दोन्हींत हेच असतं. मग फरक कुठं पडतो? उष्णतेत.

नाव एकच, पण दम वेगळा

"दोन्हींवर आय-फाइव्हच लिहिलंय, मग फरक काय?" हा मला हमखास विचारला जाणारा प्रश्न आहे.

आय-फाइव्ह हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं नाव. फरक त्या नावाच्या शेपटीत असतो. इंटेलच्या 'आय५-१२३५यू' मधला शेवटचा 'यू' सांगतो की ही कमी विजेची, पातळ लॅपटॉपसाठीची चिप आहे. तिची मूळ नेमणूक १५ वॅटची. 'एच' असेल तर जास्त ताकदीचा लॅपटॉप, साधारण ४५ वॅटचा. 'आय५-१२४००' असा नुसता आकडा असेल तर ती डेस्कटॉपची चिप, ६५ वॅटची. वॅट म्हणजे किती वीज खाते ते, आणि चिपनं खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ही उष्णता बाहेर काढायला डेस्कटॉपमध्ये तळहाताएवढा पंखा, धातूचा मोठा ठोकळा आणि मोकळी पेटी असते. लॅपटॉपमध्ये बोटभर जाडीच्या फटीत एखादा चपटा पंखा.

ऐन उन्हात औताला धरलेली बैलजोडी आठवा. सकाळी सहाला ती झपाझप तास काढते. अकरा वाजले की पाय जड होतात. चांगला गडी तेव्हा चाबूक मारत नाही, चाल कमी करतो. प्रोसेसरही स्वतःला असाच जपतो. आतलं तापमान ९५ ते १०० अंशांच्या घरात गेलं की तो आपणहून वेग कमी करतो. मशीन बिघडलेलं नसतं, ते जीव वाचवत असतं.

आता यात मराठवाडा येतो. पंखा आत ओढतो ती खोलीतलीच हवा. दुकानात एसी असतो, हवा पंचवीस अंशांची. यूट्यूबवरच्या चाचण्याही बहुधा अशाच थंड खोल्यांत झालेल्या असतात. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये परभणी, नांदेडला पारा बेचाळीसच्या वर जातो, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून वाईट स्थिती असते. तापलेली हवा तापलेल्या चिपला थंड करणार तरी किती? म्हणून दुकानात पळणारा पातळ लॅपटॉप मे महिन्यातल्या सबमिशनच्या वेळी रखडतो. एका पोरानं मला अगदी हताश होऊन विचारलं होतं, "सर, कामून गरम होतंय हे? नवंच हाय की." तो लॅपटॉप गादीवर ठेवून वापरत होता. खालची हवा घेण्याची जाळी कापसात बुजली होती. दोन पुस्तकं खाली ठेवून मधे फट ठेवल्यावर निम्मा त्रास गेला.

उष्णतेचा दुसरा मार बॅटरीवर. लॅपटॉपची लिथियम बॅटरी तापली की लवकर म्हातारी होते, आणि तापलेली असताना पूर्ण भरून ठेवली तर आणखी लवकर. पुष्कळ लॅपटॉपमध्ये चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय असते. दिवसभर प्लगला लावूनच वापरणार असाल तर ती पहिल्याच दिवशी चालू करा.

इथवर वाचून डेस्कटॉपच बरा असं वाटेल. थांबा, अजून लाईट जायची आहे.

लाईट गेल्यावर

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, डेस्कटॉपला नसते. हे सगळ्यांना माहीत आहे. पण हिशोब सहसा कुणी करत नाही, म्हणून करून दाखवतो.

साध्या डेस्कटॉपला स्क्रीनसकट शंभर वॅट धरा, लॅपटॉपला पंचवीस. रोज पाच तास वापर असेल तर डेस्कटॉप अर्धा युनिट खातो, महिन्याला १५ युनिट. लॅपटॉप महिन्याला पावणेचार. म्हणजे बिलात अकरा युनिटांचा फरक. फार नाही, पण महावितरणच्या बिलात शंभर युनिटांच्या वर दर चढतो, तुमचं घर त्या काठावर असेल तर लक्षात ठेवा.

खरा प्रश्न बिलाचा नसतो, मध्येच वीज जाण्याचा असतो. डेस्कटॉपसोबत दुकानदार '६०० व्हीएचा यूपीएस', म्हणजे लाईट गेल्यावर थोडा वेळ वीज देणारी बॅटरीची पेटी, देतो आणि लोकांना वाटतं, आता तासभर चिंता नाही. ६०० व्हीए हा आकडा तो यूपीएस एका वेळी किती भार ओढेल ते सांगतो, किती वेळ ओढेल ते नाही. मोटर किती हॉर्सपॉवरची आहे यावरून विहिरीत पाणी किती ते कळत नाही, तसंच हे. पाणी कळतं आतल्या बॅटरीवरून. ती बहुतेक वेळा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची असते. गुणाकार करा: ८४ वॅट-तास. शंभर वॅटच्या भारावर कागदावर पन्नास मिनिटं निघतात, पण इतक्या जोरात उपसल्यावर बॅटरी पूर्ण क्षमता देत नाही आणि काही वीज रूपांतरात जाते. हाती पंधरा-वीस मिनिटं येतात. यूपीएसचा उपयोग काम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला. त्यावर अभ्यास होत नाही.

घरात इन्व्हर्टर असेल तर चित्र बदलतं. १५० अँपिअर-तासांची नवी बॅटरी वापरण्याजोगे हजारभर वॅट-तास सहज देते. एक पंखा, एक बल्ब आणि डेस्कटॉप मिळून दोनशे वॅटच्या आत राहतात, म्हणजे पाच तास निघतात. फक्त एक गोष्ट तपासा. पुष्कळ घरगुती इन्व्हर्टरच्या मागं किंवा बाजूला एक छोटं बटण असतं, 'यूपीएस मोड' आणि दुसरा साधा मोड. साध्या मोडमध्ये लाईट जाताना क्षणभर खंड पडतो. पंख्याला तो कळत नाही, पण कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. बटण यूपीएस मोडवर टाकलं की खंड काही मिलिसेकंदांचा राहतो आणि कॉम्प्युटर तेवढा सहन करतो. या एका बटणापायी वेगळा यूपीएस घेणारी घरं मी पाहिली आहेत.

इन्व्हर्टर नाही, यूपीएसचे पैसे नाहीत आणि गावात लाईटचा भरवसा नाही, अशा घरी डेस्कटॉप घेऊ नका. मशीन कितीही चांगलं असो, रात्री आठला सुरूच होत नसेल तर त्याचा उपयोग नाही.

मग पोरगी राहणार कुठं?

आता माझा पहिला प्रश्न.

होस्टेलवर किंवा तिघी-चौघींत एक रूम करून राहणार असेल तर लॅपटॉप घ्या, चर्चा नको. एका रूममध्ये चार कॉट, एक प्लग आणि सामानाच्या पेट्या. टेबल मिळालं तर नशीब. दर सुट्टीला घरी यायचं, दर वर्षी रूम बदलायची. संभाजीनगर, नांदेड किंवा पुण्याला शिकायला गेलेल्या पोरांनी डेस्कटॉप नेला तर तो पहिल्या दिवाळीला ट्रॅक्सच्या टपावर बांधून परत येतो.

घरूनच कॉलेजला जाणार असेल, कॉलेज गावात किंवा शेजारी, आणि घरात टेबलापुरती कायमची जागा आणि वीज असेल, तर डेस्कटॉपचा गंभीरपणे विचार करा. त्याच पैशात मोठा स्क्रीन मिळतो, जास्त दमाचा प्रोसेसर मिळतो, आणि मान खाली घालून बसावं लागत नाही. मराठी टायपिंगची परीक्षा द्यायची असेल तर पूर्ण आकाराच्या कीबोर्डवरच हात बसतो. शिवाय नववीतला धाकटा भाऊही त्यावर शिकतो. लॅपटॉप एकट्याचा होतो, डेस्कटॉप घराचा.

तिसरा प्रकार अपडाऊनचा, आणि मराठवाड्यात तो फार मोठा आहे. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी, अधेमधे काळीपिवळी. इथं सगळे डोळे झाकून लॅपटॉप घेतात, 'नेता येतो' म्हणून. पण खरंच रोज न्यायचा असतो का? अपडाऊन करणाऱ्या पोरांना कॉलेजात दिवसभर लेक्चर आणि प्रॅक्टिकल असतात, प्रॅक्टिकल लॅबच्या मशीनवर होतात. खरा अभ्यास रात्री घरी. मग लॅपटॉप सॅकमध्ये घालून रोज पन्नास किलोमीटर हिंडवायचा, गर्दीत दाबून घ्यायचा, कशासाठी? माझ्या एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपची बिजागरी दुसऱ्या वर्षीच तुटली. पडदा उघडताना ती कोपरा घेऊन वर आली. सर्व्हिस सेंटरनं 'फिजिकल डॅमेज' म्हणून वॉरंटी नाकारली. उरलेली दोन वर्षं त्या पोरानं लॅपटॉप भिंतीला टेकवून, बाहेरचा कीबोर्ड लावून वापरला. म्हणजे त्याचा डेस्कटॉपच झाला, फक्त महागाचा.

अपडाऊन पक्कं असेल तर घरी डेस्कटॉप आणि खिशात पेनड्राइव्ह, किंवा फाइली गूगल ड्राइव्हवर, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. मात्र कॉलेजची लॅब किती वेळ उघडी असते, सीनिअर पोरांना विचारून घ्या. काही ठिकाणी लॅबला कुलूप जास्त आणि वापर कमी. तसं असेल तर माझा सल्ला उलटा समजा.

"इंजिनिअरिंगला भारीच लागतो म्हणतात"

असं दुकानदार म्हणतो. पहिल्या वर्षी तर अजिबात लागत नाही. सी आणि पायथनचे प्रोग्रॅम आठ जीबी रॅमवर निवांत चालतात. कॉम्प्युटर आणि आयटीच्या पोरांना पुढं अँड्रॉइड स्टुडिओसारखी, मोबाईलची ॲप बनवायची अवजड साधनं येतात, तिथं १६ जीबी पाहिजे. मशीन लर्निंगसाठी ग्राफिक्स कार्ड लागतं म्हणून कर्ज काढणारे भेटतात. त्यांना मी आधी गूगल कोलॅब दाखवतो. ब्राउझरमध्ये उघडतं, गूगलच्या मशीनवर चालतं आणि मर्यादेत फुकट आहे.

सिव्हिल आणि मेकॅनिकलला ऑटोकॅड हे ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर लागतं. ते ऑटोडेस्ककडून विद्यार्थ्यांना मोफत मिळतं, चोरीची सीडी घालू नका. साधी टूडी ड्रॉइंग कोणत्याही बऱ्या मशीनवर निघतात. सॉलिडवर्क्स, रेविट यांसारखी थ्रीडी डिझाइनची सॉफ्टवेअर आणि थ्रीडी रेंडरिंग आलं की मात्र ग्राफिक्स कार्ड आणि थंड राहणारी पेटी दोन्ही लागतात, आणि तिथं डेस्कटॉप त्याच किमतीच्या लॅपटॉपला मागं टाकतो. सॉलिडवर्क्स ॲपलच्या मॅकवर चालत नाही, हेही आधीच कळलेलं बरं. बी.ए., बी.कॉम., कृषी, फार्मसीला टॅली, वर्ड, एक्सेल, प्रोजेक्ट रिपोर्ट एवढंच काम असेल तर आठ जीबी आणि एसएसडीवर थांबा, उरलेले पैसे घरात ठेवा.

"मोबाईल आहे की"

लेक्चर बघायला मोबाईल पुरतो. लिहायला पुरत नाही. चाळीस पानांचा रिपोर्ट, एक्सेलमधली सूत्रं, तीनशे ओळींचा प्रोग्रॅम बोटानं सरकवत करणारी पोरं मी पाहतो आणि मला वाईट वाटतं, कारण त्यांची अर्धी बुद्धी स्क्रीनशी झगडण्यात जाते. पण पहिले दोन-तीन महिने मोबाईल आणि कॉलेजची लॅब यांवर काढता येतात, आणि काढावेत. तेवढ्यात ब्रँच पक्की होते आणि सीनिअरांकडून कळतं काय लागतं ते.

"बिघडलं तर?"

डेस्कटॉपचा एक भाग गेला तर एक भाग बदलतो. पॉवर सप्लाय, रॅम, कीबोर्ड, सगळं जिल्ह्याच्या गावी सुटं मिळतं. लॅपटॉपमध्ये मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, गेला की दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस नवाच बघायला लागतो. त्यात आजच्या पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. ती काढता येत नाही, वाढवता येत नाही. म्हणून दुकानात हा प्रश्न विचाराच: "रॅमला मोकळा स्लॉट आहे का?" आज आठ जीबी परवडत असेल आणि रॅमचे भाव चढलेले असतील, तर स्लॉट असलेलं मशीन घ्या आणि भाव उतरल्यावर वाढवा. स्लॉट नसेल तर आजच सोळा घ्यावी लागेल.

"जुना घेतला तर?"

मोठ्या कंपन्या आणि बँका काही वर्षांनी सगळे कॉम्प्युटर एकदम बदलतात. ते साफ करून, तपासून पुन्हा विकले जातात, त्यांना रिफर्बिश्ड म्हणतात. रॅम महागलेली असताना हे मला चांगला मार्ग वाटतो, कारण रॅम आत बसलेलीच असते. पण विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, आणि त्याखालची मशीन विंडोज १० वर अडकून पडली आहेत. तीच सध्या 'स्वस्तात मस्त' म्हणून खपवली जातात.

पिढी ओळखायची रीत सोपी. 'आय५-' नंतरचा आकडा बघा. तो एकनं सुरू होत असेल तर पहिले दोन अंक म्हणजे पिढी: १०४०० दहावी, ११३५ अकरावी. एकनं सुरू होत नसेल तर पहिला अंक: ८५०० आठवी, ६५०० सहावी. सहावी-सातवी असेल तर सोडा. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टीम वापरायची तयारी असेल तर ती मशीनही उत्तम चालतात, पण टॅली आणि ऑटोकॅड तिथं थेट चालत नाहीत. जुना लॅपटॉप घेत असाल तर दुकानातच बॅटरी रिपोर्ट काढायला लावा. विंडोजमध्ये तो निघतो, आणि बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी दिसतात. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागा. बिल पक्कं घ्या, त्यावर सिरीअल नंबर लिहून घ्या.

औशाच्या काकांचं काय झालं

पोरीचं म्हणणं मी फोनवर ऐकून घेतलं. "सर, सगळ्या मैत्रिणी लॅपटॉपच घेणारेत," ती म्हणाली, आणि मग हळूच, "तिसऱ्या वर्षात इंटर्नशिपला तर लागेलच ना?" दुसरा मुद्दा खरा होता, मी तो मान्य केला. पण पहिली दोन वर्षं ती अपडाऊन करणार होती. घरी इन्व्हर्टर होता. धाकटा भाऊ नववीत.

काकांनी आठव्या पिढीचा रिफर्बिश्ड डेस्कटॉप घेतला, एसएसडी आणि १६ जीबीचा. उरलेले पैसे पोरीच्या नावानं पोस्टात ठेवले, तिसऱ्या वर्षीच्या लॅपटॉपसाठी. मशीन आणल्या दिवशी संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन आला. पुढच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू का मधल्या स्लॅबच्या? मी मधली म्हणालो. तिथं इन्व्हर्टरचा पॉइंट नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी वायरमन बोलावला आणि आधी पॉइंट काढून घेतला.